इत्तेफाक (१९६९): एक घर, एक रात्र आणि गाणं एकही नाही

सदू_रहस्यवाले

कमी खर्चातला थरारपट म्हटला की आपण लगेच ग्रेस मार्क द्यायला बसतो. 'बजेट बघता बरा जमलाय', 'मर्यादा लक्षात घेता प्रयत्न स्तुत्य'. मराठी असेल तर आणखी पाच मार्क भाषेचे. 'इत्तेफाक'ला यातलं काहीच लागत नाही, म्हणून हा धागा. (यश चोप्रांचा, राजेश खन्ना-नंदाचा. २०१७ च्या आवृत्तीवर खाली कोणी ना कोणी घसरेलच, तेव्हा तो विषय मी काढत नाही.)

पाहिला नसेल त्यांच्यासाठी अर्ध्यापर्यंतची गोष्ट. दिलीप रॉय (राजेश खन्ना) हा चित्रकार, कामात बुडालेला आणि तापट. बायकोशी कडाक्याचं भांडण होतं, ती त्याच्या चित्राची वाट लावते, तो जीव घेण्याची भाषा करतो. नंतर ती मेलेली सापडते. मेहुणी (बिंदू) त्याच्याकडे बोट दाखवते. त्याचा तोल सुटलेला पाहून त्याला मनोरुग्णालयात ठेवतात. तिथून तो वादळी पावसाच्या रात्री पळतो आणि एका बंगल्यात शिरतो. घरात रेखा (नंदा) एकटी, नवरा बाहेरगावी. इथून पुढे जवळजवळ सगळा सिनेमा त्या घरात आणि त्या एका रात्रीत. मग त्या घरात एक प्रेत दिसतं. थोड्या वेळाने तेच प्रेत दिसत नाही. पुढचं मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

या सिनेमाचा जन्मच अडचणीतून झालाय. बी. आर. फिल्म्सचा (म्हणजे यश चोप्रांचे थोरले भाऊ बी. आर. चोप्रा यांच्या कंपनीचा) 'आदमी और इन्सान' सायरा बानूंच्या आजारपणामुळे रखडला होता. मोठा पसारा, मोठे नट, सगळं ठप्प. यश चोप्रांनी 'धुम्मस' नावाचं गुजराती नाटक पाहिलं होतं. हातातला रिकामा वेळ वाया घालवण्यापेक्षा त्याचा सिनेमा करू म्हणाले आणि महिन्याभराच्या आत चित्रीकरण उरकलं. गंमत म्हणजे दिग्दर्शनाचं फिल्मफेअर मिळालं ते या मधल्या वेळात उरकलेल्या सिनेमाला.

माझं म्हणणं असं: कमी खर्चात होऊनसुद्धा हा चांगला झाला असं नाही, कमी खर्चात झाला म्हणूनच चांगला झाला. गाणी नाहीत म्हणून ताण मध्येच सुटत नाही. लोकेशनं नाहीत म्हणून ते घर आपल्याला पाठ होतं. फोन कुठे आहे, कुठलं दार कुठे उघडतं, कुठून कुठलं दिसतं. एकदा घर पाठ झालं की दिग्दर्शकाला फार खटपट करावी लागत नाही. दार किंचित उघडं राहिलेलं दिसलं तरी आपण सावरून बसतो.

बोला.

मेघना_डोंबिवली

+१. आणि लांबी! पावणेदोन तासांच्या आत खेळ खलास. त्या काळी तीन तासांच्या सिनेमाची सवय असलेल्या प्रेक्षकाला हे केवढं चमत्कारिक वाटलं असेल. मी आईबरोबर पाहिला तेव्हा ती अर्ध्या तासाने म्हणाली, "गाणं कधी आहे?" नंतर मात्र काही बोलली नाही.

कुजकट_बोका

सगळे ओवाळायला बसण्याआधी जरा थंड पाणी. मला हा सिनेमा 'बरा' वाटतो, त्याहून जास्त नाही.

१) राजेश खन्ना. पहिल्या अर्ध्या तासात डोळे विस्फारणं आणि ओरडणं याला अभिनय म्हणत असाल तर माझा पास.

२) बाहेरचं वादळ. खिडकीत वीज चमकते ती वेळेवर, अगदी वाक्य संपलं की. स्टुडिओतला पाऊस स्टुडिओतला दिसतो.

३) अभिनेत्री शम्मीचा विनोद. घरात माणूस जीव मुठीत धरून बसलाय आणि आपण मध्येच हसायचं?

'म्हणूनच चांगला झाला' हे सदूभाऊंचं वाक्य ऐकायला झकास आहे. पण मग दर शुक्रवारी येणारे एका फ्लॅटमध्ये उरकलेले थरारपट इतके रद्दी का असतात, ते सांगा.

अण्णा_इचलकरंजीकर

बोकेराव, राजेश खन्नाबद्दल तुमचं ऐकून घेतो, पण नंदाचं नावही काढलं नाहीत?

आमच्या पिढीला नंदा म्हणजे 'छोटी बहन'. सोसणारी, भावासाठी रडणारी. मास्टर विनायकांची मुलगी. वडील लवकर गेले म्हणून लहानपणीच तोंडाला रंग लावावा लागला, 'बेबी नंदा' म्हणून. आमच्या कोल्हापूर भागात विनायकांचं नाव आजही आदराने घेतात, त्यामुळे ती आम्हाला घरची वाटायची. त्या बाईला चोप्रांनी या भूमिकेत घेतलं. प्रेक्षक तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणार हे दिग्दर्शकाला माहीत आहे, आणि सगळा डाव त्यावर आहे. यापेक्षा जास्त बोललो तर सदू रागावेल.

शिवाय तेव्हा मोठं नाव तिचं होतं. राजेश खन्ना नवे चेहरे शोधणाऱ्या १९६५ च्या स्पर्धेतून निवडून आलेला मुलगा, दोन-चार सिनेमे झालेले. 'आराधना' याच वर्षाचा, त्यानंतर जे काही झालं ते झालं. नव्या मुलांबरोबर काम करायला नंदा कधी मागे हटली नाही. शशी कपूर चालत नव्हता तेव्हाही तिने त्याच्याबरोबर एकामागून एक सिनेमे केले आणि मग 'जब जब फूल खिले' आला. 'इत्तेफाक'साठी तिला फिल्मफेअरचं नामांकन होतं. मिळालं नाही. असो.

मेघना_डोंबिवली

अण्णा, अगदी! ती फोन उचलते तेव्हाचा तिचा चेहरा पुन्हा बघा, शेवट माहीत असताना. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भीती वाटली होती. दुसऱ्यांदा त्याच चेहऱ्यात वेगळंच काही दिसतं, आणि तिने एक रेषसुद्धा खोटी काढलेली नाही. दोन्ही अर्थ एकाच चेहऱ्यात बसवणं सोपं नाही हो.

पक्या_०७

अरे त्यात काय एवढं लपवायचं, ५० वर्षं होऊन गेली. तो जो इन्स्पेक्टर

[रहस्यभेद असल्यामुळे पुढचा मजकूर काढला आहे. पक्या, ही शेवटची सूचना. – व्यवस्थापन]

कुजकट_बोका

पक्याने नेमका माझा रविवार वाचवला असता आणि व्यवस्थापनाने घाण केली.

फोकसपुलर

मी याच धंद्यात आहे, कॅमेरा विभागात. आत्तापर्यंत लहान बजेटची कामंच जास्त केली, त्यामुळे बोकेरावांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मला थोडा हक्क आहे.

पहिली गोष्ट, 'इत्तेफाक' गरीब सिनेमा नाही. स्वस्त आहे. दोन्हीत फरक आहे. बी. आर. फिल्म्स म्हणजे 'नया दौर', 'कानून', 'गुमराह', 'वक्त' काढणारी कंपनी. लेखक घरचे, युनिट घरचं, स्टुडिओवाले ओळखीचे. त्यांनी वाचवलं कशावर? गाण्यांवर, बाहेरच्या चित्रीकरणावर, नटांच्या तारखांवर. कशावर नाही वाचवलं? पटकथा, प्रकाशयोजना आणि आवाज. गाणी नसलेल्या सिनेमाला सलील चौधरींचं पार्श्वसंगीत घेतलंय. 'मधुमती'चा संगीतकार, आणि एकही गाणं करायला सांगितलं नाही! त्या वर्षी ध्वनीचं फिल्मफेअरही 'इत्तेफाक'लाच होतं.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगतो. निर्माता येतो तो 'एक फ्लॅट, चार पात्रं, बारा दिवस' असं म्हणतच येतो. पहिली कात्री लागते लेखकाला. 'कथा माझ्याकडे आहे, संवाद सेटवर बघू.' दुसरी आवाजाला. 'डबिंगला करू की.' ड्रोनला मात्र पैसे असतात. सह्याद्रीवरून ड्रोन फिरलाच पाहिजे, खून ठाण्याच्या फ्लॅटमध्ये झाला तरी.

आणि एका रात्रीची गोष्ट स्वस्त पडते हा मोठा गैरसमज आहे. खरोखर रात्री शूट केलं तर युनिट दोन दिवसांत झोपेनं गळतं, म्हणून दिवसा खिडक्यांना काळं कापड लावून रात्र करायची. पंखा बंद, कारण आवाज येतो. पात्र पावसातून आलेलं असेल तर प्रत्येक शॉटला केस तितकेच ओले हवेत. हेअरवाली ताई पाण्याची बाटली घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूलाच उभी. कपडे किती सुकले, फरशीवर पाऊल किती ओलं, बाहेर वीज चमकली तर घरातल्या कुठल्या भिंतीवर उजेड पडणार, हे सगळं वहीत लिहावं लागतं. संपूर्ण सिनेमा एका रात्रीचा असेल तर पहिल्या दिवशीचा शॉट आणि विसाव्या दिवशीचा शॉट पडद्यावर शेजारी शेजारी बसणार. चूक लपवायला जागाच नाही. 'इत्तेफाक'मध्ये मी मुद्दाम शोधत बसलो होतो. फारसं काही हाती लागलं नाही.

वीज वेळेवर चमकते हे मान्य. पण ती वेळेवर चमकवायला त्या काळी एक माणूस शिडीवर बसलेला असायचा. त्याला माझा नमस्कार.

सदू_रहस्यवाले

फोकसपुलर, हा प्रतिसाद म्हणजे वेगळा लेख आहे. 'गरीब नाही, स्वस्त आहे' हे पटलं, पण माझं म्हणणं मी सोडत नाही. अनुभवी कंपनी होती, पैसा उभा करू शकत होती, तरी गाणी घातली नाहीत. इतकी लोकप्रिय नंदा आणि स्वप्नदृश्यसुद्धा नाही. भरपूर पैसे मिळाले असते तर वितरकाने एक तरी क्लब डान्स घालायला लावला असता याची मला खात्री आहे. बिंदू समोर असताना तर नक्कीच.

फोकसपुलर

तेही खरं. जास्त पैसे म्हणजे जास्त लोकांची मतं.

नाट्यवेडा_परळ

नाटकाच्या बाजूने थोडं. 'धुम्मस' हे मूळचं इंग्रजी नाटक, 'साइनपोस्ट टू मर्डर'. त्यावर हॉलिवूडमध्ये १९६४ साली सिनेमाही झाला होता. तेव्हा कथा चोप्रांची नाही, हे आधी नोंदवून ठेवतो.

एका सेटचं रहस्यनाटक आपल्या व्यावसायिक रंगभूमीला नवीन नाही. दौऱ्यावर ट्रकमध्ये एकच नेपथ्य चढवायचं असतं, त्यामुळे दिवाणखाना, मागे जिना, एका बाजूला आतल्या खोलीचं दार, हा साचा ठरलेला. पहिला अंक पडताना किंकाळी, दुसरा पडताना प्रेत. प्रेक्षक मध्यंतरात वडा खाताना खुनी कोण यावर पैजा लावतात.

मला 'इत्तेफाक'मध्ये बघायला आवडतं ते हे की नाटकात जे शक्यच नव्हतं ते चोप्रांनी कुठे केलंय. रंगमंचावर तुम्ही दोघांनाही एकाच वेळी बघता. नट बोलत असला तरी नटीचा चेहरा तुमच्यासमोर असतोच, तिला लपायला जागा नसते. सिनेमात कोणाचा चेहरा कधी दाखवायचा आणि कधी नाही, हे दिग्दर्शकाच्या हातात. मेघनाताई फोनचं म्हणाल्या ना, तिथे कॅमेरा कुठे आहे ते बघा. आपल्याला जेवढं कळायला हवं तेवढंच दिसतं. नाटकाचं चित्रीकरण करून ठेवलंय असं म्हणणाऱ्यांनी एवढी एक जागा पाहावी.

डॉ_सुमेधा

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझी तक्रार ठरलेलीच. सिनेमा आवडतो, पण मनोरुग्णालयाचा भाग दात-ओठ खाऊन बघावा लागतो. माणूस एकदा ओरडला की 'वेडा', आणि वेडा म्हणजे खून करू शकणारा. दिलीपचं वागणं ज्या परिस्थितीत आहे त्यात कोणीही तसंच वागेल.

पण एक गोष्ट त्या काळाला धरून आहे. तेव्हा आपल्याकडे १९१२ चा ल्यूनसी ॲक्ट लागू होता, मेंटल हेल्थ ॲक्ट आला १९८७ मध्ये. आधीच्या कायद्याची सगळी भाषाच कोंडून ठेवण्याची होती. उपचार वगैरे नंतर. त्यामुळे 'हा वेडा आहे' असं एकदा कागदावर आलं की त्याचं म्हणणं कोणी खरं धरत नाही, हे पटकथेने फार धूर्तपणे वापरलंय. त्याला प्रेत दिसतं आणि मग ते तिथे नसतं. आता तो कोणाला सांगणार? त्याचा स्वतःवरचाही विश्वास उडतो. बोकेरावांना जे नुसतं डोळे विस्फारणं वाटलं ते मला या भागात पटतं. पहिल्या अर्ध्या तासाबद्दल मी तुमच्याच बाजूने.

गजानन जागीरदारांचे डॉक्टर त्रिवेदी मात्र मला आवडतात. पेशंटशी शांत आवाजात बोलणारा हिंदी सिनेमातला डॉक्टर, तोही १९६९ मध्ये.

अण्णा_इचलकरंजीकर

जागीरदार म्हणजे 'रामशास्त्री'! प्रभातचा. तो आवाज शांत राहणार नाही तर काय. आणि इफ्तेखारच्या इन्स्पेक्टरचं आडनाव कर्वे आहे हे कोणी लक्षात घेतलं नाही. हिंदी सिनेमात मराठी माणूस एरवी हवालदार असतो.

कुजकट_बोका

अण्णा, कर्वे हुशारही दाखवलाय. म्हणजे दोन विक्रम.

न्यूजर्सीकर

कोणीतरी २०१७ वर घसरणार होतं ना, मीच तो.

अभय चोप्रा म्हणजे बी. आर. चोप्रांचा नातू, सिद्धार्थ मल्होत्रा, सोनाक्षी सिन्हा आणि अक्षय खन्ना. निर्माते मोठे, मुंबईही चकचकीत पावसातली. त्यांनीही गाणी टाळली, लांबीही आटोपशीर ठेवली, त्याबद्दल पैकीच्या पैकी. रचना बदलली: दोन संशयित, दोघांची दोन वेगवेगळी कथनं, मध्ये पोलीस. अक्षय खन्ना त्याच्या त्या कंटाळलेल्या चेहऱ्याने सगळा सिनेमा खिशात टाकतो.

पण मला भीती वाटली नाही. कारण शोधत होतो, फोकसपुलर आणि नाट्यवेडा यांचं वाचून सापडलं. नव्या सिनेमात आपण सतत कुठून तरी कुठे जातो. पोलीस ठाणं, फ्लॅट, रस्ता, पुन्हा फ्लॅट, फ्लॅशबॅक. प्रत्येक वेळी आपल्याला श्वास घ्यायला मिळतो. जुन्यात दिलीपला त्या घरातून बाहेर पडता येत नाही आणि आपल्यालाही नाही.

सदू_रहस्यवाले

बरोबर. नव्या सिनेमात आपण चौकशी करणाऱ्याच्या खुर्चीत असतो आणि जुन्यात अडकलेल्याच्या. कोडं म्हणून नवा कदाचित जास्त गुंतागुंतीचा असेल.

रातराणी

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. मला एक विचारायचंय. शेवट न फोडता सांगता येईल का, की तो शेवट 'प्रामाणिक' आहे का? म्हणजे आपल्याला आधी सुगावे दिलेत की एकदम टोपीतून ससा? मला पहिल्यांदा पाहताना चित्रकाराच्या बायकोच्या खुनाचं उत्तर घाईने उरकल्यासारखं वाटलं.

नाट्यवेडा_परळ

रातराणी, छान प्रश्न. माझ्या मते सिनेमात दोन रहस्यं आहेत आणि दोघांची प्रत वेगळी आहे. बंगल्यातलं रहस्य पूर्ण प्रामाणिक आहे. पुन्हा पाहिलं तर प्रत्येक फोन, प्रत्येक पोलिसाची फेरी, कोण कधी खोलीत एकटं होतं, सगळं जागच्या जागी बसतं. बायकोच्या खुनाचं रहस्य मात्र शेवटी हिशेब चुकता करायचा म्हणून चुकता केलाय. नायक सुटला पाहिजे ना!

मेघना_डोंबिवली

दुसऱ्याबद्दल असहमत. बिंदू सुरुवातीला ज्या पद्धतीने... नाही, नको, व्यवस्थापन माझाही मजकूर काढेल. तिच्या पहिल्या दोन दृश्यांत ती कोणाकडे बघते आणि कोणाकडे बघायचं टाळते ते पाहा, एवढंच म्हणते. तिलाही या सिनेमासाठी नामांकन होतं, ते उगाच नव्हतं.

रातराणी

आज रात्री परत बघते.

फोकसपुलर

अवांतर: ज्यांना हा बाज आवडतो त्यांनी 'कानून' (१९६०) आणि 'धुंद' (१९७३) जरूर पाहा, दोन्ही बी. आर. चोप्रांचे. 'कानून'मध्येही गाणी नाहीत आणि पार्श्वसंगीत सलीलदांचंच. 'धुंद' अगाथा ख्रिस्तीच्या नाटकावरचा. डॅनी व्हीलचेअरवर बसून जो काही थैमान घालतो, त्यावर वेगळा धागा हवा. आणि हिंदीत गेलेलं मराठी रहस्य हवं असेल तर राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (१९६४). त्याचाच पुढे 'मेरा साया' झाला.

कुजकट_बोका

'पाठलाग' पाहिलाय, उत्तम. 'मेरा साया'त गाणी घातली आणि ती इतकी चांगली निघाली की लोकांना रहस्य आठवत नाही, झुमका आठवतो. सदूभाऊंच्या बाजूने हा एक मुद्दा मी स्वतःहून देतोय, जपून ठेवा.

पहिल्या अर्ध्या तासाबद्दल माझं मत कायम.

पक्या_०७

'धुंद'चा शेवट सांगू का?